गाडी तर सगळ्यांकडेच असते

१९७६ साली अटारी कंपनीने ‘नाइट ड्रायव्हर’ नावाचा गेम बाजारात आणला. पडदा पूर्ण काळा. त्यावर दोन्ही बाजूंना पांढरे ठोकळे, लांबून येत येत मोठे होत जाणारे. ती रस्त्याची कडा. खेळणाऱ्याची गाडी पडद्यावर उमटतच नव्हती. तिचं चित्र प्लॅस्टिकवर छापून पडद्याच्या खालच्या भागात कायमचं बसवलं होतं. ते हलत नव्हतं, वळत नव्हतं. वळत होता तो रस्ता, आणि तेवढ्यावर खेळणाऱ्याला आपण रात्रीच्या अंधारात सुसाट निघालोय असं वाटत होतं.

रेसिंग गेमचं कव्हर काढायला बसलेल्या माणसाने हा तपशील विसरू नये. कारण त्याचा हात सर्वांत आधी गाडीकडेच जातो. लाल गाडी, थोडी तिरपी, कॅमेरा जमिनीला टेकलेला, मागे धूर. चित्र वाईट नसतं. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात किंवा गूगल प्लेवर ‘रेसिंग’ शोधलं की समोर येणाऱ्या बहुतेक चौकटींत हेच चित्र असतं. जे सगळ्यांकडे आहे त्यातून नवी माहिती मिळत नाही. हा रेसिंग गेम आहे, एवढंच गाडी सांगते, आणि ते तर शोधणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याला हवं असतं ते पुढचं: ही शर्यत कुठे आहे, कशासाठी आहे, कोण चालवतंय आणि हातात स्टिअरिंग आल्यावर काय वाटणार आहे. या प्रश्नांची उत्तरं गाडीपेक्षा रस्ता जास्त देतो.

जुन्या गाजलेल्या खेळांकडे या नजरेने पाहा. नामकोच्या १९८२च्या ‘पोल पोझिशन’मध्ये क्षितिजावर माउंट फुजी दिसतो. तो एक डोंगर दिसला की आपण जपानच्या फुजी स्पीडवेवर आहोत हे कळतं. सेगाच्या १९८६च्या ‘आउटरन’मध्ये उघड्या टपाची लाल गाडी आहे खरी, पण लक्षात राहतो तो निळा समुद्रकिनारा, ताडांच्या रांगा आणि शेजारच्या सीटवर बसलेली मैत्रीण. तिथे वचन शर्यत जिंकण्याचं नाही, सहलीला निघण्याचं आहे. अलीकडच्या इंडी खेळांतला २०२० सालचा ‘आर्ट ऑफ रॅली’ घ्या. गाडी चिमुकली, कॅमेरा उंचावर, भोवती मोकळा, साधा केलेला निसर्ग. ब्राझीलच्या अक्विरिस स्टुडिओने २०१५ साली मोबाइलवर आणलेला ‘होरायझन चेस’ भडक रंगांच्या आकाशावर उभा आहे. गाड्यांचे मॉडेल विसरायला होतं, आकाश विसरत नाही.

जुईनगरच्या खिडकीतून

इंडी गेम म्हणजे दोन-चार जणांनी, मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळाशिवाय, बहुधा स्वतःच्याच पैशांवर उभा केलेला गेम. असा एक छोटा चमू नवी मुंबईतल्या जुईनगरमध्ये एका फ्लॅटमध्ये बसून रेसिंग गेम करतोय, असं या प्रकरणापुरतं समजू. हा चमू काल्पनिक आहे, पण जागा खरी आहे आणि तीच आपल्या कामाची आहे.

सानपाडा आणि नेरुळ यांच्या मधलं जुईनगर हे रस्त्यांनी आणि रुळांनी वेढलेलं गाव. सीएसएमटीहून येणारी हार्बर आणि ठाण्याहून तुर्भ्यामार्गे येणारी ट्रान्सहार्बर इथे एकत्र येतात. बाजूने सायन-पनवेल महामार्ग जातो. खाडीच्या अंगाला पाम बीच रोड, वाशीपासून बेलापूरपर्यंत, एका बाजूला खारफुटी आणि मोसमात पाणथळीवर उतरणारे फ्लेमिंगो. पाम बीचवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांचे किस्से नवी मुंबईकराला सांगायला नकोत. त्यामुळे पहिली कल्पना तीच सुचते. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८९खाली गुन्हा आहे. गेममध्ये ते दाखवायला बंदी नाही, तरी महागडी गाडी, रात्र, निऑन दिवे हे चित्र जगभरच्या शहरांनी वापरून गुळगुळीत केलंय. पाम बीचच्या जागी मायामी किंवा दुबई घातली तरी कव्हर बदलणार नाही.

आता जुईनगरहून दुसऱ्या बाजूला पाहा. जवळच वाशी-तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट आहे. मुंबईतले घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इकडे हलवले गेले. तेव्हापासून राज्यभरातून भाजीपाल्याच्या गाड्या रात्रभर इथे येत असतात. नारायणगावचा टोमॅटो जुन्नर तालुक्यातून निघतो. त्यातली एखादी गाडी माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण करत वाशीला येते. माल उजाडायच्या आत पोचला तर भाव, उशीर झाला तर पडेल ती किंमत. यात शर्यतीला लागणारं सगळं आहे: ठरलेली वेळ, अवघड रस्ता, नाजूक माल आणि हरण्याची खरी किंमत. आपल्या चमूचा गेम हाच असू द्या. नाव ‘पहाटगाडी’. एक टेम्पो, मागे टोमॅटोचे क्रेट, श्रावणातला माळशेज आणि मागून येणारा दिवस.

आता याचं कव्हर काढायचं आहे.

सव्वा सेंटिमीटरची जागा

आधी जागा किती आहे ते मोजू. स्टीमवर कव्हरच्या चौकटीला ‘कॅप्सूल’ म्हणतात, आणि एकाच गेमला त्या अनेक आकारांत द्याव्या लागतात. दुकानाच्या पानावरची मुख्य पट्टी वर्षानुवर्षं ४६० बाय २१५ पिक्सेलची होती. शोधयादीतली छोटी २३१ बाय ८७ची. २०२४मध्ये स्टीमने हे आकार दुप्पट तपशिलात मागायला सुरुवात केली, म्हणजे ९२० बाय ४३० आणि ४६२ बाय १७४. त्याशिवाय दुकानातली उभी चौकट, आणि विकत घेतल्यावर ग्राहकाच्या संग्रहात दिसणारं ६०० बाय ९००चं उभं कव्हर. गूगल प्लेला ५१२ बाय ५१२चं आयकॉन आणि १०२४ बाय ५००चं आडवं चित्र लागतं. इच डॉट आयओ या इंडी मंडळींच्या आवडत्या दुकानात ६३० बाय ५००.

यातली खरी परीक्षा सर्वांत लहान आकारात होते. छोट्या कॅप्सूलवरून स्टीम आपोआप आणखी लहान आवृत्त्या काढतं, त्यातली एक १२० बाय ४५ पिक्सेलची. डेस्कवरच्या साध्या मोठ्या मॉनिटरवर ही जवळपास सव्वातीन सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर उंच दिसते. सगळे मिळून ५,४०० पिक्सेल. चित्रकार महिनाभर खपून टेम्पोच्या काचेवरची लिंबू-मिरची रंगवतो, ती इथे अर्ध्या ठिपक्यातही मावत नाही. म्हणून अनुभवी मंडळी उलटं काम करतात: आधी सर्वांत लहान चौकट सोडवायची, मग मोठ्या चौकटीत तपशील भरायचा.

दुसरी अडचण प्रमाणांची. मुख्य पट्टी उंचीच्या दुपटीहून रुंद आहे, संग्रहातलं कव्हर रुंदीच्या दीडपट उंच. एकच चित्र कापून दोन्हीकडे बसवलं की कुठेतरी चाक कापलं जातं किंवा डोंगर. उपाय असा की आकाश, डोंगर, रस्ता, टेम्पो आणि नाव हे वेगवेगळ्या थरांवर ठेवायचं आणि प्रत्येक चौकटीसाठी नव्याने मांडायचं. टेम्पो ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीत बनवला असेल तर कॅमेरा फिरवून हवा तो कोन मिळतो, आणि त्यावर हाताने रंगकाम करता येतं. घाटरस्त्याचा इथे आणखी एक फायदा आहे. आडव्या चौकटीत तो नागमोडी पसरतो, उभ्या चौकटीत कड्यावरून खाली उतरतो. सरळसोट पाम बीचला उभ्या चौकटीत बसवून पाहा, म्हणजे फरक कळेल.

काम जुनंच आहे

लहान जागेत, घाईतल्या नजरेला थांबवण्याची ही कसरत महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. सिनेमा मुका, पडदा काळा-पांढरा, पण बाहेरचं पोस्टर रंगीत. आत जे यंत्राला जमत नव्हतं त्याची चव बाहेर कुंचला देत होता.

चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं आठवा. एक ठसठशीत आकृती, स्वच्छ पार्श्वभूमी, वर अंकाचं नाव. दिवाळीत स्टॉलवर अंकांची दाटी होते आणि बऱ्याचदा वरचीच पट्टी उघडी राहते. नाव वर असणं ही तिथे गरज असते. वसंत सरवट्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या अनेक पुस्तकांना मुखपृष्ठं दिली. तिथे तर मोजक्या रेषांवर काम भागतं, पण त्या रेषांतून आतल्या विनोदाचा पोत पहिल्या नजरेतच कळतो. गंभीर कादंबरी समजून कोणी ते पुस्तक उचलणार नाही.

शेवटचा मुद्दा गेमला सर्वांत जास्त लागू पडतो. कव्हरने पुष्कळ लोकांना आकर्षित करणं पुरेसं नाही. योग्य लोकांना आकर्षित करायला हवं. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. कव्हरवर आग ओकणारी गाडी आणि आत टोमॅटो सांभाळत उतरायचा घाट, असं झालं तर ग्राहक येईल, वैतागेल आणि जाताना वाईट शेराही लिहून जाईल.

रेसिंगमध्ये पोटप्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची चित्रभाषा ठरून गेलीय. सिम्युलेशनवाल्याला खरी वाटणारी गाडी, करडं डांबर, संयत रंग लागतात. आर्केडवाल्याला वाजवीपेक्षा निळं आकाश आणि वाजवीपेक्षा मोठं वळण. कार्ट रेसिंगमध्ये, १९९२च्या ‘सुपर मारिओ कार्ट’पासून, ड्रायव्हरचं डोकं जवळपास गाडीएवढं. रॅलीला चिखल, धूळ आणि झाडी. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा २०१२चा ‘हिल क्लाइंब रेसिंग’ आपल्याकडे घरोघरच्या फोनवर पोचला. त्याची ओळख न्यूटन बिल हा गडी आणि त्याची लाल जीप हीच आहे. तो चेहरा पाहिला की इथे लॅप-टाइमचा हिशेब नाही, उलटण्याची गंमत आहे हे कळतं. ‘पहाटगाडी’ अर्धी आर्केड आणि अर्धी कसरत आहे. म्हणून चित्र थोडं अतिशयोक्त, थोडं मिश्कील हवं. काळंकुट्ट किंवा चकचकीत नको.

तीन आराखडे

पहिला आराखडा: टेम्पो पुढून, तिरपा, दिवे लावलेला, मागे घाट. सवयीने निघणारं चित्र. यात टेम्पो दिसतो, पण टेम्पोत काय आहे ते दिसत नाही, आणि मालाशिवाय या गेममध्ये काही वेगळं नाही. लहान आकारात तर हा सरळ ट्रक-सिम्युलेटर वाटेल.

दुसरा आराखडा: सगळं सांगणारा. घाट, धबधबा, ड्रायव्हर, क्लीनर, क्रेट, शेतकरी, मार्केटचं गेट, व्यापारी. चमूतल्या प्रत्येकाने आपली आवडती गोष्ट घातलीय. भिंतीवर लावायला छान. १२० पिक्सेलमध्ये मात्र खिचडी.

तिसरा आराखडा: टेम्पो मागून. ‘आउटरन’मध्ये कॅमेरा गाडीच्या मागेच आहे, आणि खेळतानाही बहुतेक वेळ आपण गाडीची पाठच पाहत असतो. त्यामुळे मागून काढलेलं चित्र पाहणाऱ्याला आत ओढतं. टेम्पो उजव्या वळणावर आहे, एका बाजूला कलला आहे, क्रेट सरकलेत आणि एक टोमॅटो हवेत उडालाय. रस्ता पुढे डोंगराच्या कुशीत नाहीसा होतो. बास. गाडी कोणती, माल कोणता, रस्ता कसा आणि गोंधळ कसला, हे चारही प्रश्न एका नजरेत सुटतात.

हा तिसरा आराखडा घेऊन पुढे जाऊ, कारण खरी मेहनत आता सुरू होते.

वेग कशाने दिसतो

स्थिर चित्रात वेग दाखवण्याचा एक मोठा धडा अपघाताने मिळाला. फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग याने १९१२च्या सुमारास शर्यतीतल्या एका गाडीचा फोटो काढला. त्यात चाक गोल नाही, पुढे झुकलेलं लंबगोल आहे, आणि रस्त्याकडेची माणसं आणि खांब उलट दिशेला कललेत. त्या कॅमेऱ्याचा पडदा फटीसारखा सरकत जायचा, त्यामुळे चित्राचा एक भाग आधी आणि दुसरा नंतर उजळायचा. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असायची आणि गाडीबरोबर कॅमेराही फिरलेला. व्यंगचित्रकार आणि पोस्टरवालेही चाकं अशीच पुढे झुकवून काढतात. १९३०च्या दशकातली मोनॅको ग्रां प्रीची पोस्टरं, रोबेर फाल्कुची आणि जिओ हॅम यांनी केलेली, हीच वेगाची भाषा बोलतात, आणि त्यांतल्या काहींत मागे मोनॅकोही दिसतं.

चौकटभर वेगरेषा ओढल्याने वेग येत नाही, चित्र धुरकट होतं. काहीतरी स्थिर असावं लागतं, तेव्हाच दुसरं पळताना दिसतं. टेम्पोचं अंग स्पष्ट ठेवा, चाकं फिरल्याने पुसट करा, रस्ता कडेला अस्पष्ट होऊ द्या. चाकाचे नटबोल्ट मोजता आले तर टेम्पो वळणावर उभा करून ठेवल्यासारखा वाटतो.

भौतिकशास्त्रही जपायला हवं. वळणावर मोटारसायकल आत झुकते, पण चारचाकीचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. उजव्या वळणावर टेम्पो डावीकडे झुकेल, डावीकडचे स्प्रिंग दबतील, उजवं मागचं चाक हलकं होईल, जमिनीवरून उचललंही जाईल. क्रेट डावीकडे सरकतील आणि टोमॅटोही वळणाच्या बाहेरच उडेल, कारण तो आधीच्या सरळ रेषेत जाऊ पाहतोय. टेम्पो आतल्या बाजूला झुकवून काढला तर पाहणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या अंगाला कळेल. आपण सगळेच आयुष्यभर एसटीत उभं राहून घाट चढलो-उतरलोय.

उजेड कुठून येतो

गेमचं नाव ‘पहाटगाडी’ म्हटल्यावर समोर केशरी आकाश काढायचा मोह होतो. पण नकाशा पाहा. नारायणगावहून माळशेजकडे येणारी गाडी एकूणात पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उतरते. मागून पाहिलं तर समोर पश्चिमेचं आकाश असेल, अजून रात्रीच्या निळ्या रंगातलं. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आहे.

ही अडचण नसून देणगी आहे. पहाट पाठीमागून येते, म्हणजे तिचा उजेड थेट टेम्पोच्या फाळक्यावर, क्रेटवर आणि उडालेल्या टोमॅटोवर पडतो. समोरचा घाट काळपट निळा राहतो. पुढे अंधार, मागून पाठलाग करणारा उजेड आणि मधे पळणारा टेम्पो: उजाडायच्या आत पोचायचं हा गेमचा नियम कुठेही न लिहिता चित्रात आला. आकाशाचा गडद पट्टा वर रिकामा मिळाला, तिथे नाव बसेल. खाली ओल्या डांबरावर उजेडाचं आणि मागच्या लाल दिव्यांचं प्रतिबिंब. स्टीमच्या दुकानाची पार्श्वभूमी गडद असते, त्यामुळे चारही कडांनी काळोखलेलं कव्हर पानात विरघळतं. खालचा हा चमकता रस्ता ती कडा राखतो.

रंगाबद्दल एकच कसोटी पुरे: चित्र काळं-पांढरं करून पाहा. लाल टोमॅटो हिरव्या डोंगरावर रंगीत चित्रात उठून दिसतो, पण करड्या छटेत दोन्ही बऱ्याचदा सारखेच निघतात. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, बरेच असतात. त्यांना तो टोमॅटो सापडणारच नाही. फरक आधी उजेड-अंधारात हवा, मग रंगात. म्हणूनच टोमॅटोवर पाठीमागचा उजेड पडून एक पांढरट ठिपका चमकला पाहिजे आणि त्याच्यामागे सर्वांत गडद कडा यायला हवा.

नाव वाचता आलं पाहिजे

लहान कॅप्सूलमध्ये चित्रापेक्षा नाव महत्त्वाचं. १२० बाय ४५मध्ये नावाने बहुतेक जागा घ्यावी आणि चित्राने फक्त रंग आणि एखादा आकार पुरवावा.

देवनागरीत इथे वेगळा हिशेब करावा लागतो. वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार. या सगळ्याला उंची द्यावी लागते, आणि अक्षराचं मूळ अंग तेवढंच लहान होतं. ‘पहाटगाडी’त वर फक्त एक वेलांटी आहे, खाली काहीच नाही, जोडाक्षरही नाही. ‘दुर्गम घाटातली स्पर्धा’ असं नाव असतं तर त्याच जागेत अक्षरं मुंगीएवढी झाली असती. नाव ठरवतानाच ते कॅप्सूलच्या आकारात लिहून पाहणं म्हणूनच शहाणपणाचं.

अक्षरांचं वळण कुठून घ्यायचं? टेम्पो-ट्रकच्या फाळक्यावर पेंटर जी अक्षरं रंगवतात ती जाड, सावलीची, दोन रंगांची असतात आणि चालत्या गाडीतून वाचण्यासाठीच घडलेली असतात. २०१५मध्ये महाराष्ट्राने मालवाहू गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली, पण ती अक्षरशैली कुठेच गेलेली नाही. पेंटरकडून नाव रंगवून घेतलं तर उत्तम. नाहीतर मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले बलू, मोदक, मुक्ता यांसारखे टंक मुक्त परवान्यावर मिळतात. मोदक तर इतका गुबगुबीत आहे की टोमॅटोशी त्याचं सहज जमेल. शिरोरेषा लांबवून तिचा रस्ता करण्याची कल्पना प्रत्येकाला सुचते; लहान आकारात ती रुंदी खाते आणि अक्षरं आणखी बारीक होतात.

लिपीचा निर्णय दुकानाप्रमाणे घ्यावा. गूगल प्लेवर मराठीसाठी वेगळं पान करता येतं, तिथे देवनागरी नाव द्यावं. स्टीमचं दुकान मराठीत उघडत नाही आणि तिथला ग्राहक पोलंडचाही असू शकतो, तिथे रोमन नाव लागेल. चित्र तेच, नावाचा थर बदलायचा.

काय चालत नाही

१ सप्टेंबर २०२२पासून स्टीमने कॅप्सूलवर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव एवढंच ठेवायला परवानगी दिलीय. परीक्षणातले तारे, पुरस्कारांची नावं, ‘५० टक्के सूट’ हे सगळं बाद. गूगलनेही २०२१मध्ये आयकॉन आणि नावात ‘क्रमांक एक’, ‘मोफत’ अशा जाहिरातबाजीला बंदी घातली. लहान चमूसाठी हे नियम सोयीचेच आहेत. मोठ्या कंपनीला पदकं मिरवता येत नाहीत, सगळे चित्राच्याच बळावर उभे.

गाडीचं बोधचिन्ह आणि हुबेहूब आकार टाळावा. अमेरिकेत २०२०मध्ये हमवी गाडीच्या निर्मात्यांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या प्रकाशकांविरुद्ध केलेला दावा न्यायालयाने फेटाळला, पण तेवढा खटला लढायची ताकद जुईनगरच्या फ्लॅटमध्ये नसते. स्वतःचा टेम्पो घडवावा: वेगळं नाक, वेगळे दिवे, फाळक्यावर आपलं नाव. नंबरप्लेटवर एमएच ४३ लिहिलं की नवी मुंबईकर हसतो. पुढचा क्रमांक मात्र कोणाच्या खऱ्या गाडीचा नसावा. मुंबईतली इमारत दाखवायची तरी विचार करावा. कॉपीराइट कायदा इमारतीचं चित्र काढायला मोकळीक देतो, पण कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं रूप २०१७पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

चित्रकाराशी लेखी करार करावा, आणि तो नीट वाचावा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९प्रमाणे हक्क हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकायच्या गेमला ही एक ओळ राहून गेली तर सहाव्या वर्षी आपलंच कव्हर आपलं राहत नाही. चित्र एआयने बनवलं असेल तर स्टीम जानेवारी २०२४पासून ते जाहीर करायला सांगतं, आणि ती माहिती ग्राहकाला पानावर दिसते.

पारख

तयार कव्हर मित्रांना दाखवून ‘कसं वाटतं?’ विचारण्यात अर्थ नाही; मित्र चांगलंच म्हणतात. ‘रेसिंग’च्या शोधपानाचं छायाचित्र घ्यावं, त्यातल्या एका चौकटीत आपली छोटी कॅप्सूल बसवावी आणि नेरुळ-जुईनगरच्या कॉलेजातल्या, गेमशी संबंध नसलेल्या मुलांना क्षणभर दाखवावं. मग पान बंद करून विचारावं: काय आठवतं? त्यातल्या टेम्पोवाल्या गेममध्ये काय करायचं असेल? ‘भाजी सांडू न देता घाट उतरायचा’ हे उत्तर आलं तर कव्हर पास. ‘ट्रकचा गेम’ एवढंच आलं तर गाडी जिंकली आणि रस्ता हरला, पुन्हा बसायला हवं.

आकडेही मदतीला असतात. गूगल प्लेवर वेगवेगळी आयकॉनं वेगवेगळ्या लोकांना एकाच वेळी दाखवून कोणत्याने जास्त लोक गेम घेतात हे मोजण्याची सोय आहे. स्टीमवर कव्हर किती वेळा दिसलं आणि त्यातले किती जण पानावर आले हे कळतं. मात्र तिथे जुनं आणि नवं शेजारी ठेवून तपासता येत नाही. जुनं उतरवून नवं लावलं आणि त्याच आठवड्यात सेल असला, तर श्रेय कोणाचं ते सांगणं कठीण. म्हणून बदल शांत आठवड्यात करावा आणि एका वेळी एकच करावा.

राहिला प्रश्न वेळेचा. बहुतेक चमू कव्हर शेवटी करतात, गेम संपल्यावर, उरलेल्या पैशांत. स्टीमवर मात्र ‘लवकरच येत आहे’ हे पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी उघडावंच लागतं, आणि शहाणे लोक ते कितीतरी महिने आधी उघडतात, कारण गेमची वाट पाहणारे ग्राहक तिथेच जमतात. आधी कव्हर करण्याचं याहून मोठं कारण आहे. तिसरा आराखडा काढताना ‘पहाटगाडी’च्या चमूला ठरवावं लागलं की उजेड कुठून येतो, माल सांडतो की फुटतो, गाडी किती कलते आणि खेळणारा कोणापासून पळतोय. हे प्रश्न कव्हरचे वाटतात, पण ते गेमचेच आहेत. ज्या चमूला कव्हरवर गाडीशिवाय दुसरं काय काढावं हे सुचत नाही, त्याने चित्रकार बदलू नये. आपल्या गेममध्ये गाडीशिवाय दुसरं काय आहे, ते आधी शोधावं.